आतड्यातील देणे आणि मूत्रपिंडाचे खाते

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. जमाखर्च हा माझा विषय, जंतुशास्त्र नव्हे. परंतु गेल्या वर्षी मलाजखंडला आमच्या आजोबांच्या रक्तात क्रिएटिनीन वाढलेले आढळले आणि 'मूत्रपिंड' हा शब्द घरात रोजचा झाला. डॉक्टरांनी सांगितले, "पोट साफ राहू द्या." मूत्रपिंडाचा आणि पोटाचा संबंध काय, असा प्रश्न मला पडला. जे उमगले ते येथे मांडतो.

आपल्या मोठ्या आतड्यात अब्जावधी जिवाणूंची वस्ती असते. भाजी-भाकरीतील चोथा त्यांना मिळाला, की ते त्यापासून आतड्याच्या अस्तराला पोसणारी आम्ले तयार करतात. ही झाली जमेची बाजू. न पचलेली प्रथिने मिळाली, की त्यांपासून इंडोल व पी-क्रेसॉल ही द्रव्ये निघतात. यकृत इंडोलचे इंडॉक्सिल सल्फेट करते आणि मूत्रपिंडे ते लघवीवाटे बाहेर टाकतात. रोजचे देणे रोज फिटते.

वय वाढले की मूत्रपिंडांची गाळण्याची शक्ती बहुतेकांत हळूहळू उतरते. दात पडतात, चोथा कमी खाल्ला जातो, चालणे-फिरणे मंदावते आणि बद्धकोष्ठता जडते. मळ रेंगाळला म्हणजे जिवाणूंना प्रथिने कुजवण्यास अधिक अवधी मिळतो. देणे वाढते आणि फेडणारा थकतो! त्यातच रक्तात साचलेला युरिया आतड्यात उतरतो. जिवाणू त्याचा अमोनिया करतात व अस्तर दुखावते. इंडॉक्सिल सल्फेट रक्तातील अल्ब्युमिनला चिकटून राहत असल्याने डायलिसिसनेही ते पुरते निघत नाही.

१९०८ साली नोबेल पारितोषिक मिळवणारे मेचनिकॉफ वार्धक्याचे मूळ आतड्यातील कुजण्यात शोधत आणि आंबवलेल्या दुधाचा पुरस्कार करीत. मात्र दह्याने मूत्रपिंडे बरी होतात, असा अर्थ कोणी काढू नये. जपानमध्ये १९९१ पासून ही द्रव्ये आतड्यातच शोषणारा खास कोळसा औषध म्हणून देतात. पण २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत त्याने रोगाची वाटचाल थांबल्याचे दिसले नाही. शिवाय मधुमेह व रक्तदाब ही या रोगाची प्रमुख कारणे आहेतच. वऱ्हाडच्या खारपाणपट्ट्यातील तक्रारींत खाऱ्या पाण्याचाही प्रश्न निघतो.

आमच्याकडे भेटीस येणारा प्रत्येकजण केळी आणि शहाळी घेऊन येई. चोथा चांगला, हे खरे. परंतु दुबळ्या मूत्रपिंडांना पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही आणि ते वाढले तर हृदयाला धोका असतो. म्हणून काय खावे, हे प्रत्येक रुग्णाच्या रक्ततपासणीवरून डॉक्टरांनीच ठरवावे.

वाचकहो, हा रोग फार उशिरापर्यंत बोलत नाही. घरात मधुमेहाचे वा रक्तदाबाचे कोणी असेल, तर सुट्टीत घरी गेल्यावर त्यांची रक्त-लघवी जरूर तपासून घ्या. खाते बुडाल्यावर हिशेब मांडून काय उपयोग?