भांडी धुण्याचे यंत्र सुरू न झाल्यास

रोजमेळ जुळेना, की आपण मुनीमास बोल लावण्यापूर्वी बेरीज पुन्हा तपासतो. डिशवॉशर सुरू न झाल्यासही हाच क्रम ठेवावा. त्याच सॉकेटात दुसरे उपकरण लावून वीज आहे की नाही, हे प्रथम पाहावे. नसल्यास मुख्य फलकावरील पडलेला खटका एकदाच वर करावा. तो पुन्हा पडल्यास हट्ट न धरता वायरमनला बोलवावे. खटका हा घराचा राखणदार आहे आणि पाणी व वीज यांची गाठ जिवावर बेतते. वीज असूनही यंत्र निश्चल असल्यास दार पाहावे; कडी पूर्ण बसल्याखेरीज ते चालत नाही. आम्ही कारागिरास पैसे मोजले तेव्हा कळले, की दारात पळीचा दांडा अडकला होता! आतील जोडणीस मात्र आपण हात लावू नये. ते काम जाणकाराचेच.