विचारणारा बदलला की उत्तर बदलतं

जव्हार-मोखाडा पट्ट्यातल्या वांगणीत कुणी विंडोज संगणकावर मराठी टाइप करायला बसलं, तरी त्याच्या कळफलकाची नोंद ‘रजिस्ट्री’ नावाच्या दप्तरात असते. क्रमांक ०००००४४ई. नेहमीच्या दशमान पद्धतीत हा आकडा होतो ११०२. मायक्रोसॉफ्टनं मराठीला दिलेला हा क्रमांक.

ही नोंद ‘सिस्टिम’ शाखेत आहे, त्यामुळे ती वाचणारी स्क्रिप्ट ३२-बिट असो वा ६४-बिट, उत्तर एकच मिळतं. शेजारच्या ‘सॉफ्टवेअर’ शाखेत मात्र घोळ सुरू होतो.

एएमडीनं २००३ मध्ये ६४-बिट प्रोसेसर आणला आणि २००५ मध्ये विंडोज एक्सपीची त्यासाठीची आवृत्ती आली. जुने ३२-बिट प्रोग्रॅम बंद पडू नयेत म्हणून विंडोजनं त्यांच्यासाठी वेगळी शाखा ठेवली: ‘वाऊ६४३२नोड’. ३२-बिट स्क्रिप्टनं ‘सॉफ्टवेअर’ मागितलं की तिला बहुतेक वेळा गुपचूप इकडे वळवलं जातं. एकाच गटाची दोन दप्तरं ठेवावीत आणि तलाठ्यानं अर्जदार पाहून एक पुढे करावं, तसं हे चालतं.

यातली खरी अडचण अशी, की चूक झाल्याचा संदेशच येत नाही. ६४-बिट प्रोग्रॅम नीट बसवलेला असतो, पण शोधणारी स्क्रिप्ट ३२-बिट असेल तर ‘सापडला नाही’ एवढंच कळतं. आणि माणूस तो पुन्हा बसवायला घेतो!

प्रोसेसर कोणता, हे तरी थेट विचारावं? ‘प्रोसेसर_आर्किटेक्चर’ हे चल ३२-बिट स्क्रिप्टला ‘एक्स८६’ सांगतं. एएमडी किंवा इंटेलच्या ६४-बिट यंत्रावर खरं उत्तर ‘प्रोसेसर_आर्किटेडब्ल्यू६४३२’ या दुसऱ्या चलात असतं: ‘एएमडी६४’. प्रोसेसर इंटेलचा असला तरी हेच. रजिस्ट्रीतही कोणतं दप्तर हवं, ते स्क्रिप्टनं स्पष्ट मागावं. ‘रेग क्वेरी’ या आज्ञेला ‘/रेग:६४’ जोडलं की ६४-बिट शाखा उघडते, ‘/रेग:३२’ जोडलं की दुसरी. डॉटनेटमध्ये हेच काम ‘रजिस्ट्रीव्ह्यू’ करतं.

लिनक्सवर दोन दप्तरांची भानगड नाही, पण तिथं प्रोसेसरची माहिती देणारा मजकूर यंत्रागणिक बदलतो. यंत्रं किती वेगळी असू शकतात, ते पुण्याच्या सी-डॅक या संस्थेच्या महासंगणकांचा इतिहास पाहिला तर कळतं. १९९१ चा परम ८००० इनमॉसच्या ट्रान्सप्युटरवर उभा होता, १९९८ चा परम १०००० सनच्या स्पार्कवर, नंतरचा परम पद्म आयबीएमच्या पॉवर४ वर. एकाच संस्थेत, फारतर बारा-तेरा वर्षांत, तीन वेगळी प्रोसेसर-घराणी.

आजचं लिनक्स घ्या. ‘/प्रॉक/सीपीयूइन्फो’ या फाईलमध्ये इंटेलचं यंत्र ‘मॉडेल नेम’ अशी ओळ देतं. ६४-बिट आर्म प्रोसेसरवर ती सहसा नसते. तिथं ‘सीपीयू इम्प्लिमेंटर’ आणि एक सांकेतिक आकडा दिसतो. इंटेलच्या ‘फ्लॅग्ज’ ओळीच्या जागी आर्मवर ‘फीचर्स’. लॅपटॉपवर बिनचूक चाललेली स्क्रिप्ट रास्पबेरी पायवर रिकामी ओळ छापते, ती यामुळेच. ‘एलएससीपीयू’ ही आज्ञा हे फरक बऱ्यापैकी पोटात घेते. मेमरी पानाचा आकारही स्क्रिप्टमध्ये ४०९६ बाइट असा लिहून टाकू नये, ‘गेटकॉन्फ’नं विचारावा: इंटेलवर तो ४ किलोबाइट असतो, अ‍ॅपलच्या एम मालिकेवर १६.