बाजूला व्हायची मुभा होती

१३ जुलै १९४२ च्या पहाटे पोलंडमधल्या यूझेफूव गावाबाहेर जर्मन पोलिसांचे ट्रक येऊन थांबले. राखीव पोलीस बटालियन १०१. माणसं जेमतेम पाचशे, बहुतेक हॅम्बुर्गची. कुणी गोदी कामगार, कुणी ट्रकचालक, कुणी कारकून. सरासरी वय चाळिशीच्या आसपास, घरी बायकापोरं. हिटलर सत्तेवर आला तेव्हा यांची घडण होऊन गेलेली होती. नाझी शाळांनी त्यांना घडवलं, असं म्हणायची सोय नाही.

मेजर विल्हेल्म ट्रॅपने हुकूम सांगितला. गावातल्या ज्यूंपैकी कामाला येतील असे पुरुष वेगळे काढायचे. बायका, मुलं, म्हातारे यांना गोळ्या घालायच्या. सांगताना त्याचा आवाज कापत होता, डोळे भरून आले होते. आणि शेवटी तो म्हणाला की वयाने मोठ्यांपैकी ज्याला हे झेपणार नाही, त्याने बाजूला व्हावं.

इथे माझी मती गुंग होते. बंदूक या माणसांच्या पाठीला लागलेली नव्हती! एक जण पुढे आला. त्याचा कॅप्टन भडकला, तर ट्रॅपने कॅप्टनलाच गप्प केलं. मग आणखी दहा-बारा जण सरसावले. त्यांच्या रायफली काढून घेतल्या, दुसरं काम दिलं. शिक्षा कुणालाच झाली नाही. बाकीचे जागचे हलले नाहीत. त्या दिवशी सुमारे १,५०० माणसं मारली गेली.

हे कळलं ते १९६० च्या दशकात हॅम्बुर्गच्या सरकारी वकिलांनी नोंदवलेल्या जबाबांमुळे. त्यातले २१० जणांचे जबाब वाचून इतिहासकार ख्रिस्तोफर ब्राउनिंगने १९९२ मध्ये 'ऑर्डिनरी मेन' लिहिलं. बाकीचे का हलले नाहीत, याचं त्याचं उत्तर असं: ज्यूद्वेषाचं विष हवेत होतंच. शिवाय बाजूला होणं म्हणजे ते घाणेरडं काम सोबत्यांच्या गळ्यात टाकणं, रांगेतून एकटं पडणं. नकार देणाऱ्यांनीही बहुधा 'हे पाप आहे' असं म्हटलं नाही. 'मी कच्च्या मनाचा आहे' म्हटलं. तसं म्हटलं की सोबत्यांवर ठपका येत नव्हता, पण 'कठोर तोच मर्द' हे माप शाबूत राहत होतं. काही जण गोळीबार सुरू झाल्यावर गुपचूप सटकले. तरी ब्राउनिंगच्या अंदाजाने टाळणारे शंभरातले दहा ते वीसच.

अभ्यासक डॅनिएल गोल्डहागेनने १९९६ मध्ये तेच जबाब वाचून सगळा दोष जर्मनांच्या ज्यूद्वेषावर ठेवला. मला ब्राउनिंग अधिक पटतो, कारण त्याचं उत्तर कुणालाही, मलाही, मोकळं सोडत नाही.

यूझेफूवहून परतलेल्यांना त्या रात्री जेवण गेलं नाही. ते दारू पीत बसले. पुढचं मात्र सोपं होत गेलं. या बटालियनने एकूण किमान ३८,००० ज्यूंना गोळ्या घातल्या. जंगलात लपलेल्यांना हुडकून मारण्याच्या मोहिमा निघू लागल्या, तेव्हा कधीकधी स्वेच्छेने पुढे येणारे इतके असत की काहींना परत पाठवावं लागे.