आधारगट आणि हक्कांचा आवाज : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मनोरुग्णालयातून घरी परतलेल्या माणसाला जे प्रश्न पडतात, ते डॉक्टरांच्या चिठ्ठीत मावत नाहीत. गोळ्यांमुळे सकाळी डोळे उघडत नाहीत, मग कामावर वेळेत कसं पोचायचं? ‘इतके दिवस दिसला नाहीत?’ असं शेजाऱ्यांनी विचारलं तर काय सांगायचं? लग्नाची बोलणी निघाली तर आजाराचा विषय कोणी आणि केव्हा काढायचा? चार रात्री झोप उडाली, तर ते साधं जागरण समजायचं की आजाराची चाहूल? या प्रश्नांशी झगडून पुढे गेलेला माणूस भेटला, तर तो आपल्या अनुभवातून पुष्कळ काही देऊ शकतो. अशा मदतीला ‘पीअर सपोर्ट’ म्हणतात. आपल्याकडे आधारगट किंवा स्वमदत गट हे शब्द रुळले आहेत. हीच माणसं एकत्र येऊन उपचार, कायदा, नोकरी आणि विमा यांबद्दल आपलं म्हणणं मांडू लागतात, तेव्हा त्यातून हक्कांची चळवळ उभी राहते.

या मदतीची गरज मोठी आहे. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांमध्ये मानसिक विकार आढळले. आजारागणिक आकडा बदलतो, पण ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नव्हते. इतकी गरज असूनही या विषयाभोवती गैरसमजांचं जाळं आहे. ते एकेक करून सोडवू. महाराष्ट्रातल्या या क्षेत्रातल्या संस्था आजार असलेल्या व्यक्तीला ‘शुभार्थी’ आणि तिची काळजी घेणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. तेच शब्द इथे वापरले आहेत.

गैरसमज १ : जो स्वतःच आजारी, तो दुसऱ्याला काय सावरणार?

वस्तुस्थिती : ‘बरं होणं’ म्हणजे आजाराची प्रत्येक खूण पुसली जाणं, असं आपण धरून चालतो. मानसिक आजारात बरं होण्याचा अर्थ अधिक व्यापक आहे. औषध चालू असेल, अधूनमधून त्रासही होत असेल, तरी माणूस काम करतो, नाती सांभाळतो, स्वतःचे निर्णय घेतो. असा माणूस प्रशिक्षण घेऊन दुसऱ्याला नक्कीच साथ देऊ शकतो.

मात्र नुसता अनुभव पुरेसा नाही. मध्येच न तोडता ऐकणं, ‘मी असं केलं, तूही तसंच कर’ हा मोह टाळणं, आपली मर्यादा ओळखणं आणि स्वतःला त्रास होऊ लागला की वेळीच थांबणं, हे शिकावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘क्वालिटीराइट्स’ उपक्रमात आधारगट कसा चालवावा आणि एकास एक साथ कशी द्यावी, यांच्या प्रशिक्षण पुस्तिकाच आहेत. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याने १९९९ मध्ये अशा प्रशिक्षित व्यक्तींच्या सेवेचा खर्च ‘मेडिकेड’ या सरकारी आरोग्य योजनेतून द्यायला सुरुवात केली. पुढे इतर राज्यांनी तीच वाट धरली.

गैरसमज २ : हे परदेशातून आलेलं नवं खूळ आहे

वस्तुस्थिती : नवं तर ते मुळीच नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात फिलिप पिनेल हे डॉक्टर आणि झाँ-बाप्तिस्त प्युसँ हे व्यवस्थापक होते. प्युसँ स्वतः आधी तिथे गंडमाळेच्या आजारासाठी रुग्ण म्हणून दाखल झाले होते. मनोरुग्णांच्या देखभालीसाठी ते शक्यतो बऱ्या झालेल्या रुग्णांनाच नेमत. अशी माणसं अधिक मायेने वागतात आणि हात उगारत नाहीत, हे त्या दोघांनी ओळखलं होतं.

१८४५ मध्ये लंडनमध्ये ‘अलेज्ड लुनॅटिक्स फ्रेंड सोसायटी’ स्थापन झाली. मनोरुग्णालयात राहून आलेले जॉन पर्सिव्हल तिच्या प्रमुखांपैकी एक होते. क्लिफर्ड बियर्स या अमेरिकी तरुणाने १९०८ मध्ये मनोरुग्णालयातले आपले हाल पुस्तकातून मांडले आणि पुढच्याच वर्षी देशव्यापी समिती उभारली. १९३५ मध्ये ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ सुरू झाली. दारू सोडलेल्या माणसाने दारू सोडू पाहणाऱ्याला हात द्यायचा, हा तिचा पाया. १९४८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये माजी रुग्णांच्या गटातून ‘फाउंटन हाउस’ उभं राहिलं.

महाराष्ट्रालाही हा विचार परका नाही. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनातून बाहेर पडलेली माणसं समुपदेशक म्हणून उभी राहिली. पुण्याच्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनमागे कॅनडात स्थायिक झालेले डॉ. जगन्नाथ वाणी होते. त्यांच्या घरातच हा आजार होता. २००४ मधल्या सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ चित्रपटालाही त्यांचं बळ मिळालं आणि स्किझोफ्रेनिया हा शब्द मराठी घरांत पोचला. मनोरुग्णालयांच्या व्यवस्थेत आईचे झालेले हाल लहानपणी पाहिलेल्या भार्गवी दावर यांनी पुण्यात ‘बापू ट्रस्ट’ उभारला आणि मनोसामाजिक अपंगत्व असलेल्यांच्या हक्कांसाठी आयुष्यभर काम केलं.

गैरसमज ३ : असे गट औषधं बंद करायला लावतात

वस्तुस्थिती : चांगल्या आधारगटाचा पहिला नियमच असा असतो की कोणी कोणाला औषध सुचवायचं नाही आणि बंद करायलाही सांगायचं नाही. औषधाने वजन वाढलं, तोंड कोरडं पडतं, झोप फार येते, हे गटात मोकळेपणाने बोललं जातं. त्यातून ‘पुढच्या भेटीत डॉक्टरांना हे लिहूनच दे’ असा सल्ला निघतो. जे शुभार्थी दवाखान्यात गप्प बसतात आणि घरी येऊन गोळी टाकून देतात, त्यांच्यासाठी हे बोलणं फार मोलाचं ठरतं. एखादा गट किंवा बाबा ‘आमच्याकडे या, गोळ्या सोडा’ म्हणत असेल, तर तिथून उठून यावं.

गैरसमज ४ : दुःखी माणसं एकत्र आली की रडगाणंच चालणार, त्याने आजार वाढेल

वस्तुस्थिती : ही भीती समजण्यासारखी आहे. नियम न पाळणाऱ्या गटात असं घडू शकतं. म्हणूनच गटाची बैठक बांधलेली असते. वेळ ठरलेली, चालवणारा ठरलेला, बोलायची पाळी प्रत्येकाला, पण बोलायची सक्ती कोणालाही नाही. पहिले काही महिने नुसतं ऐकून गेलात तरी चालतं. इथलं बोलणं इथेच ठेवायचं, हा शब्द सगळ्यांनी दिलेला असतो. त्याला एकच अपवाद आहे. कोणाच्या जिवाला धोका दिसला तर गप्प राहायचं नाही, लगेच मदत मिळवायची.

त्रासदायक अनुभव बोलून दाखवल्याने तो बळावत नाही, याचं एक ठळक उदाहरण नेदरलँड्समध्ये आहे. इतरांना न ऐकू येणारे आवाज ऐकू येणाऱ्यांशी त्या आवाजांबद्दल बोलूच नये, अशी पूर्वी समजूत होती. पॅट्सी हेग या रुग्णेने आपले मनोविकारतज्ज्ञ मारियस रोम यांना तो विषय टाळू दिला नाही. त्यातून १९८७ च्या सुमारास ‘हिअरिंग व्हॉइसेस’ चळवळ सुरू झाली. आवाज केव्हा येतात, काय म्हणतात, आल्यावर कोण काय करतं, हे अशा गटांमध्ये सविस्तर बोललं जातं. अनेक देशांत आज असे गट चालतात.

गैरसमज ५ : याला शास्त्रीय पुरावा नाही, किंवा उलट, हा रामबाण उपाय आहे

वस्तुस्थिती : दोन्ही टोकं चुकीची आहेत. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधल्या चाचणीत, मानसिक आजाराच्या तीव्र टप्प्यातून सावरणाऱ्या ४४१ जणांचे दोन गट केले होते. एका गटाला अनुभवी सोबत्याबरोबरची सत्रं आणि स्वतःची काळजी घेण्याची वही मिळाली, दुसऱ्याला फक्त वही. वर्षभरात पुन्हा तातडीचे उपचार लागण्याचं प्रमाण पहिल्या गटात २९ टक्के आणि दुसऱ्यात ३८ टक्के होतं.

दुसरी मोठी इंग्लिश चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. रुग्णालयातून घरी जाणाऱ्यांना दिलेल्या अशाच सोबतीने पुन्हा दाखल होण्याच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. आजवरचा अभ्यास एकत्र पाहिला तर उमेद, आत्मविश्वास आणि स्वतःच्या आयुष्यावरची पकड यांत फायदा दिसतो. आजाराच्या लक्षणांवर थेट परिणाम फारसा दिसत नाही. म्हणून आधारगट उपचारांच्या जोडीला हवा, त्यांच्या जागी नको.

आपल्याकडेही हे काम झालं आहे. पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातल्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने गुजरातच्या सरकारी मानसिक आरोग्य सेवांमध्ये ‘क्वालिटीराइट्स’ राबवलं. रुग्णांचे हक्क आणि शुभार्थींनी एकमेकांना द्यायची साथ हे त्याचे महत्त्वाचे भाग होते. त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. सेवांचा दर्जा, कर्मचाऱ्यांचा दृष्टिकोन आणि रुग्णांना वाटणारं बळ यांत सुधारणा दिसली.

गैरसमज ६ : मानसिक आजार झालेल्याला स्वतःचे निर्णय घेता येत नाहीत, त्याला कसले हक्क?

वस्तुस्थिती : या गैरसमजाने सर्वांत जास्त नुकसान केलं आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडी इथे एका आश्रयस्थानाला आग लागली. साखळदंडांनी बांधलेल्या माणसांना पळता आलं नाही. २८ जणांचा जीव गेला. आजारी माणसाला काही कळत नाही, असं एकदा ठरवलं की साखळीही उपचार वाटू लागते.

आज कायदा स्पष्टपणे वेगळं सांगतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. माहिती समजत असेल, निर्णयाचे परिणाम कळत असतील किंवा तो निर्णय बोलून, खुणेने वा कसाही सांगता येत असेल, तर त्या व्यक्तीला उपचारांविषयी ठरवण्याची क्षमता आहे, असं हा कायदा मानतो. दुसऱ्यांना तो निर्णय चुकीचा वाटला, एवढ्याने ती क्षमता नाकारता येत नाही.

या कायद्याच्या कलम ५ नुसार कोणीही प्रौढ व्यक्ती, आजार असो वा नसो, पुढे निर्णयक्षमता हरपली तर आपल्यावर कोणते उपचार व्हावेत आणि कोणते होऊ नयेत, हे आधीच लिहून ठेवू शकते. तातडीच्या उपचारांना ते लागू होत नाही. कलम १४ नुसार आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधी आपणच नेमू शकतो. माहितीची गोपनीयता, स्वतःचे वैद्यकीय कागद मिळणं आणि मोफत कायदेशीर मदत हेही हक्क आहेत. साखळीने बांधायला मनाई आहे. भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय विजेचे उपचार करता येत नाहीत. शारीरिक आजारांच्या बरोबरीने मानसिक आजारांना विमा देणं विमा कंपन्यांवर बंधनकारक आहे. आधारगटात अनुभवांइतकीच या कलमांची चर्चा व्हायला हवी, कारण माहीत नसलेला हक्क कोणी मागत नाही.

गैरसमज ७ : घरचे बोलतात, तेवढं पुरे

वस्तुस्थिती : शुभंकरांचे कष्ट मोठे आहेत. रात्री जागून काढणाऱ्या आईचा किंवा नोकरी सोडलेल्या भावाचा आवाज ऐकलाच पाहिजे आणि त्यांचेही स्वतंत्र आधारगट हवेत. पण त्यांचं म्हणणं आणि शुभार्थीचं म्हणणं दर वेळी एकच नसतं. दाखल करण्याची घाई घरच्यांना असू शकते आणि दाखल होण्याची भीती शुभार्थीला. म्हणून कायद्यानेच दोघांना वेगळ्या जागा दिल्या आहेत. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणात मानसिक आजार असलेल्या किंवा पूर्वी असलेल्या व्यक्तींचे दोन प्रतिनिधी आणि शुभंकरांचे दोन प्रतिनिधी असतात. तक्रारी ऐकणाऱ्या पुनर्विलोकन मंडळात शुभार्थी, शुभंकर किंवा या क्षेत्रातल्या संस्था यांच्यासाठी मिळून दोन जागा आहेत. भारताने २००७ मध्ये मान्य केलेल्या अपंग हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारामागेही हेच तत्त्व आहे : आमच्याविषयीचे निर्णय आमच्याशिवाय नकोत.

गैरसमज ८ : हे समाजकार्य आहे, त्याचे पैसे कसले?

वस्तुस्थिती : गटात हौसेने येणाऱ्याची गोष्ट निराळी. पण रुग्णालयाने एखाद्याला आठवडाभर वॉर्डात रुग्णांची सोबत करायला बोलावलं, तर ती नोकरी आहे. तिला पगार, सुट्टी आणि वरिष्ठांचं मार्गदर्शन हवं. फुकट राबवून घेतलेला माणूस लवकर थकतो, आणि त्याचा आजार उलटला की ‘पाहा, म्हटलं नव्हतं?’ असं म्हणायला लोक मोकळे होतात.

या वाचनानंतर काही गोष्टी प्रत्येकाला करता येतील. घरात किंवा शेजारी कोणी शुभार्थी असेल तर त्याच्याविषयी ठरवण्याआधी त्याला विचारा. आपल्या मनोविकारतज्ज्ञाला जवळच्या आधारगटाचा पत्ता विचारा. गट नसेल तर डॉक्टरांच्या मदतीने चार-पाच जणांनी तो सुरू करा. आपल्या भागातल्या पुनर्विलोकन मंडळावर शुभार्थींच्या वतीने कोण बसतं, याची चौकशी करा आणि ती जागा रिकामी असेल तर ती भरण्याची मागणी लेखी करा. स्वतःला किंवा जवळच्या कोणाला जीव नकोसा वाटत असेल, तर ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर लगेच फोन करा. ही सरकारी सेवा मोफत आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीतूनही बोलता येतं. ज्यांनी हा आजार भोगला आहे, त्यांना आता नुसती दया नको. निर्णय जिथे होतात तिथे कायद्याने त्यांना जागा दिली आहे, ती त्यांना प्रत्यक्षात मिळवून देणं हे आपलं काम आहे.