वय नव्हे, प्रकृती तपासा

पावसाळ्यात वैनगंगा फुगली की भंडाऱ्यात पहिला प्रश्न असतो, ‘कारध्याला पाणी किती?’ तिथली धोक्याची पातळी २४५.५० मीटर. महापुरात नदीवरचा इंग्रजकालीन लहान पूल पाण्याखाली जातो आणि जुनाच वाद वर येतो: असली बांधकामे ठेवायची कशाला? जुनी कार्यालये, शाळा, बंगले यांच्याबाबतही हेच विचारले जाते. कुणाला त्या गुलामगिरीच्या खुणा वाटतात, तर कुणाला ‘इंग्रजांचे काम पक्के’ याचा पुरावा. दोन्ही पक्ष वास्तू न तपासताच निकाल देतात.

इंग्रजांचे काम म्हणून ते अमर नसते, हे महाडने दाखवले. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा १९२८ चा पूल पुरात कोसळला. एसटीच्या दोन गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. शेजारी नवा पूल असतानाही जुन्यावरून वाहतूक सुरू होती. मुंबईत मात्र १८६८ चा कर्नाक पूल धोकादायक ठरल्यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये रीतसर पाडण्यात आला. असा पूल पाडण्यात इतिहासाचा अपमान नाही.

इमारतींचे गणित वेगळे आहे. त्या काळच्या जाड विटांच्या भिंती चुन्यात बांधलेल्या असतात. चुना ओल शोषतो आणि बाहेर सोडतो. डागडुजी म्हणून त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, विटा भुसभुशीत होतात, पोपडे सुटतात. कवेलू फुटले, ते वेळेवर बदलले नाहीत, की पाणी थेट सागवानी वाशांवर उतरते. भिंतीत पिंपळ उगवला की वरचा फांदोरा छाटतात, मुळे आत वाढतच राहतात. पुढे हीच इमारत ‘मोडकळीस आली’ म्हणून कागदावर येते. तिला मोडकळीस आणणारे बहुतेक वेळा वय नसते, हयगय असते.

राहिला गुलामगिरीच्या खुणेचा मुद्दा. या भिंती रचणारे गवंडी आणि सुतार इथलेच होते, पैसा इथल्या शेतसाऱ्यातून आला. वास्तूचा उपयोगही राज्यकर्त्यांबरोबर बदलत आला आहे. भंडाऱ्याचा किल्ला गवळी राजांनी बांधला असे सांगतात. इंग्रजांनी त्यातच तुरुंग थाटला. मग त्यांच्या कचेरीत आपण वाचनालय किंवा जिल्ह्याचे संग्रहालय का थाटू नये?

मुंबईने १९९५ मध्ये वारसा वास्तूंचे नियम केले, त्यांची प्रतवारी लावली. भंडाऱ्यानेही तालुकावार यादी करावी. प्रत्येक वास्तूची रचनात्मक तपासणी चुन्याचे काम जाणणाऱ्या अभियंत्याकडून व्हावी. ज्या पुलावरून माणसे जातात, तिथे पहिला निकष जिवाचा. तो धोक्याचा ठरला तर वाहतूक त्याच दिवशी थांबावी. जी इमारत दुरुस्त होते, तिला दुरुस्तीसाठी निधी आणि रोजचा वापर मिळावा. जी होत नाही, ती पाडण्याआधी तिची मोजमापे, नकाशे, छायाचित्रे जिल्ह्याच्या दप्तरी जमा व्हावीत. तपासणीचा अहवाल लोकांसमोर ठेवल्याशिवाय भंडारा जिल्ह्यात एकाही जुन्या इमारतीवर हातोडा पडू नये, ही मागणी आता नागरिकांनीच लावून धरायला हवी.