विश्लेषण : पडदा ‘लॉक’ केला, तरी लिनक्सचा संगणक उघडाच?

लिनक्स वापरणारा चहाला उठताना डेस्कटॉप ‘लॉक’ करतो आणि निश्चिंत होतो. मात्र कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ या कळा एकदम दाबल्या की बहुतेक यंत्रांवर काळ्या पडद्याचे दुसरेच कन्सोल समोर येते. तिथे सकाळी ‘रूट’ म्हणून केलेले लॉग-इन तसेच राहिले असेल, तर पासवर्ड न विचारता सगळे यंत्र समोरच्याच्या हाती जाते.

मग ही सोय असतेच कशाला?

एकाच कीबोर्ड-पडद्यावर अनेक स्वतंत्र लॉग-इन करता यावेत म्हणून. ‘सिस्टमडी’ वापरणाऱ्या लिनक्समध्ये अशी साधारण सहा कन्सोल गरजेनुसार उघडतात. डेस्कटॉप गोठला तर दुसऱ्या कन्सोलवर जाऊन अडकलेला प्रोग्राम तेवढा बंद करता येतो. त्यामुळे ती सरसकट बंद करणे शहाणपणाचे नाही.

चूक नेमकी कुठे होते?

प्रत्येक कन्सोलचे लॉग-इन वेगळे, तसे लॉग-आउटही वेगळे, हे विसरले जाते. त्याहून फसवा प्रकार ‘स्टार्टएक्स’चा. काळ्या पडद्यावर लॉग-इन करून या आदेशाने डेस्कटॉप सुरू केला आणि तो वेगळ्या कन्सोलवर उघडला, तर मागे ते कन्सोल जागेच राहते. कोणी तिथे जाऊन कंट्रोल-सी दाबले, की डेस्कटॉपचे कुलूप डेस्कटॉपसकट नाहीसे होते आणि तुमच्या नावाचे शेल हाती येते! आदेशाआधी ‘एक्झेक’ हा शब्द जोडला तर मागे शेल उरत नाही. डेस्कटॉप पडला की लॉग-आउट होते.

काळजी काय घ्यावी?

उठण्यापूर्वी ‘हू’ हा आदेश द्यावा. कोणत्या टीटीवाय क्रमांकावर कोण लॉग-इन आहे ते दिसते. काम संपले तिथे ‘एक्झिट’. काम अर्धवट असेल तर मजकुराच्या कन्सोलवरून ‘व्हीलॉक -ए’ द्यावा; त्याने सगळी कन्सोल कुलूपबंद होतात आणि एकावरून दुसरीकडे जाताही येत नाही. बॅश शेलमध्ये ‘टीमआउट’ हे चल ३०० ठेवले, तर पाच मिनिटे काही टंकले नाही की शेल आपोआप बंद होते. पण एडिटर उघडा असेल तर हा पहारेकरी झोपलेलाच असतो.

सामायिक प्रयोगशाळेत आणखी एक शंका घ्यावी. समोरची लॉग-इनची ओळ खरी आहे की पासवर्ड चोरण्यासाठी कोणी चालवून ठेवलेला प्रोग्राम? ऑल्ट, सिसआरक्यू आणि के या कळांनी त्या कन्सोलवरचे सारे प्रोग्राम मारले जातात आणि खरी ओळ नव्याने येते. काही ठिकाणी ही सोय बंद असते. ती सुरू आहे का, हे प्रशासकाला विचारावे.