थंडीची जड हवा आणि कार्बोरेटरचे जेट



नाताळच्या सुमारास पहाटे जुनी फटफटी किकवर किक मागते आणि फवारणीचा पंप सुरू होऊन पुन्हा बंद पडतो. मग मेकॅनिककडे जाण्याआधी घरातच कोणीतरी पेचकस घेऊन कार्बोरेटरपुढे बसतो. बसायला हरकत नाही. पण कोणता स्क्रू काय करतो हे आधी माहीत असावे.

1 किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते. जेट म्हणजे पेट्रोल येण्याचे ठरावीक भोक. भोक तेच राहते, पण हवेचे वजन बदलते. मे महिन्यातल्या 40 अंशांच्या दुपारपेक्षा जानेवारीतली 10 अंशांची पहाटेची हवा सुमारे दहा टक्के जड असते. हवा जास्त, पेट्रोल त्या मानाने कमी. यालाच मेकॅनिक 'लीन' म्हणतात. डोंगरावर उलटे होते. दर 1,000 मीटरला हवा साधारण दहा टक्के विरळ होते, मिश्रण दाट बनते, धूर काळा येतो आणि चढावर दम राहत नाही.

म्हणजे आपली गोत्री जेमतेम 40 मीटर उंचीवर असली तरी ऋतूंच्या फेऱ्यात इथली गाडी एक डोंगर चढते-उतरते. जानेवारीत माउंट अबूला (सुमारे 1,200 मीटर) गेलात तर तिथली थंडी उंचीची बरीचशी भरपाई करते आणि हवा जवळजवळ गोत्रीच्या मे महिन्यासारखीच मिळते. तेवढ्यासाठी जेट बदलू नये. गुलमर्गला, 2,600 मीटरच्या वर, बर्फावर चालणाऱ्या गाड्या असतात. अशा कार्बोरेटरच्या गाड्यांच्या पुस्तिकेत तापमान आणि उंचीप्रमाणे जेटचा तक्ताच दिलेला असतो. आपल्याला त्याची गरज नाही.

आपला धोका वेगळा आहे. उन्हाळ्यात 'अ‍ॅव्हरेज' वाढावे म्हणून अनेकजण लहान जेट बसवून घेतात. मे महिन्यात ते निभावते. जानेवारीत तोच टू-स्ट्रोक पंप पूर्ण रेस देऊन तासभर चालवला की लीन मिश्रणाने इंजिन तापते, पिस्टन धरतो आणि दुरुस्तीचा खर्च वाचवलेल्या पेट्रोलच्या कितीतरी पट होतो. त्यात 2025 पासून पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल येते. ते स्वतःबरोबर ऑक्सिजन आणते, म्हणून त्याच जेटवर मिश्रण आणखी लीन होते. तेव्हा कंपनीने दिलेला जेटच ठेवा.

इंजिन कामावर चालवून बंद करा, थंड झाल्यावर प्लग काढून पाहा. टोक चहासारखे तपकिरी असेल तर काहीही फिरवू नका. काळी काजळी असेल तर आधी एअर फिल्टर साफ करा. पांढरे असेल तर फटफटीच्या कार्बोरेटरमधली सुई एक खाच वर घ्यावी, म्हणजे तिची क्लिप एक खाच खाली. बाहेरचा एअर स्क्रू फक्त मंद चालीपुरता असतो. पूर्ण रेसमध्ये त्याने काही साधत नाही. जेटचे भोक तारेने कोरू नका, ते मोठे होते; पेट्रोलने धुऊन हवेचा झोत मारा. एप्रिल 2020 नंतरच्या बहुतेक फटफट्यांना कार्बोरेटरच नाही. तिथे हे काम यंत्र स्वतः करते.

सकाळी सुरू न होणे ही मात्र जेटची तक्रार नव्हे. थंडीत पेट्रोलची वाफ कमी होते, त्यासाठी चोक आहे. चोक ओढलेले इंजिन दार लावलेल्या ओसरीत किंवा गोठ्यात तापवत ठेवू नका. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके दुखू लागले, चक्कर किंवा मळमळ आली, तर सर्वांना, लहान मुलांना आधी, मोकळ्या हवेत आणा. कोणी गुंगीत असेल तर वाट न पाहता इस्पितळात न्या आणि इंजिनाचा धूर लागल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण यावर पहिला इलाज ऑक्सिजन देणे हा आहे.